धुतलेली बरणी

बिनसाखरेचा? — देतो ना जी, काहून नाही देणार! पण एकदा नीट समजू द्या मले — साखर नाही, हे समजलं. दूध थेंबभर, थे बी समजलं. पत्ती हलकी — मग त्यात उरलं काय? गरम पाणी! थे त त्या टाकीच्या नळालेच येऊन राहिलं, मे महिना आहे. — बसा, बसा, गंमत करून राहिलो. हा भय्याजी गिऱ्हाइकाची गंमत करते हे अख्ख्या लाखनीले माहीत आहे, बाहेरच्याले माहीत नसते. पुण्याचेच ना तुम्ही? गाडीचा नंबर पाहिला मी, बारा. तवाच मनात म्हटलं, हा माणूस आता जलेबी तळायच्या या पसरट तईकडे पाहील, जलेबी पाहील, आवंढा गिळील अन् म्हणील — नको, मला चालत नाही. — म्हटलं ना? अन् गिळला बी. मी पाहिला.

मले सगळं माहीत आहे जी तुमच्या तिकडचं. पंधरा दिवसांसाठी गेलो होतो पोराकडे, अकराव्या दिवशी परत आलो, पण अकरा दिवसांत डोळे उघडले बाप्पा. तिथं माणूस तहान लागली म्हणून पाणी पीत नाही, मोबाईल वाजला म्हणून पिते! आमच्या बैलालेही कोणी आठवण देत नाही. अन् आमचा भुपेंद्र — माझा पोरगा, याच हॉटेलात वडे खाऊन वाढलेला — थो आता दुपारच्या बारापासून रात्रीच्या आठपर्यंतच खाते. पावणेबाराले फ्रिजपुढे जाऊन उभा राहते, वरठी स्टेशनवर गाडीची वाट पाहावी तसा — हात मागे, नजर घड्याळावर. एकदा आठ वाजून दोन मिनिटांनी मी त्याच्यासमोर गरम वडा धरला. डोळ्यांत पाणी आलं लेकाच्या, पण तोंड नाही उघडलं! शेजारच्या बाई भात मोजून खातात, नव्वद ग्रॅम. नव्वद ग्रॅम भात आमच्या धानाच्या मुलखात चिमणीपुढे टाकला त थेही वर मान करून पाहील, बाकीचा कुठं आहे म्हणून. अन् आठव्या मजल्यावरचे एक साहेब रोज सकाळी गवताचा रस पितात, हिरवागार, पेला भरून — त्यांच्या मागं मागं एक म्हैस सोसायटीच्या फाटकापर्यंत गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली. — नाही पटत? नका पटवू. म्हशीले पटलं होतं.

जवस खाता का तुम्ही? — पाहा, खाता! आम्ही धान उभा असतानाच वावरातल्या बांधीत फेकून देतो थो जवस, येते आपला आपण. तुम्ही काचेच्या बाटलीतून चमच्यानं मोजून खाता. — नाही, चांगलाच आहे, मी कुठं वाईट म्हटलं? घ्या, चहा घ्या. आजच निघता ना पुण्याले, सरळ? — बरं, बरं. एक काम आहे तुमच्याकडे. लहानसं आहे. सांगतो मग, आधी चहा प्या.

हे भांडं पाहिलं, तईच्या बाजूचं? यात जलेबीचा घोळ असते. या भांड्याले एकतीस वर्षं साबण लागला नाही. — काहून तोंड वाकडं केलं? गरम पाणी फिरवतो ना! साबण लागला की खमीर मेलं समजा. रोजचा घोळ संपत आला की मूठभर बाजूले काढायचा, त्याच्यात दुसऱ्या दिवसाचा मैदा, चमचाभर दही, रात्रभर झाकून ठेवायचं — सकाळी पाहा, फुगून बसते, नव्या नवरीसारखं. बाप मेला माझा, घर दोनदा बांधलं, रस्ता चार पदरी झाला, हॉटेल वीस हात मागं सरकलं — खमीर थेच आहे. म्हणून त माझी जलेबी आंबूस लागते, नुसती साखर नाही लागत. ट्रकवाले रायपूरपासून मनात धरून येतात.

तर माझी सून — डिंपल. वरठीचीच पोरगी, बाप कारखान्यात होता. पुण्याले मोठ्या कंपनीत लागली होती, दोन वर्षांआधी सोडली नोकरी अन् घरी पाव बनवायले लागली. आपल्या मिसळीचा थो नव्हे — जाड सालीचा, आंबट, कापायले करवत लागते. मी पहिला तुकडा खाल्ला थो अजून चावूनच राहिलो. पण दर रविवारी बावीस घरी पाव जाते तिचा, लोक आठ दिवस आधी सांगून ठेवतात, तोंडची गोष्ट नाही. त्याचं सगळं गणित ओट्यावरच्या एका बरणीत. काचेची मोठी बरणी, आत पीठ, बुडबुडे येऊन राहिलेलं, बाहेरून रबर लावलेलं, पीठ कुठवर चढलं हे पाहायले. थे म्हणे, मामाजी — सासऱ्याले आमच्याकडे मामाजीच म्हणतात — हे माझं स्टार्टर आहे, तीन वर्षांचं, याला हात नका लावू हं. मी आतापर्यंत स्टार्टर म्हणजे मोटरपंपाचाच समजत होतो. पण वास घेतला अन् ओळखलं — अरे, हे त खमीर! आपल्याच धंद्याचं! मी खुश. सांगायले गेलो, माझ्याकडे बी आहे पोरी, एकतीस — तेवढ्यात तिचा फोन वाजला.

मग झालं काय, शनिवारी दोघं दिवसभर बाहेर गेले, मित्राच्या घरी वास्तू होती. मी एकटा. डब्यात माझ्यासाठी ओट्स. बरणी काठोकाठ चढलेली, रविवारच्या पावासाठी तिनं सकाळीच पीठ टाकून तयार ठेवलेली. मले वाटलं, उतू जाईल, वाया जाईल — धंद्यातला माणूस आहे ना मी — काढला घोळ, टाकला मैदा, साखरेचा पाक केला, तेलाच्या रिकाम्या पिशवीत घोळ भरला, कोपऱ्यात छेद दिला अन् मांडली जलेबी! सोसायटीभर वास गेला साहेब. वॉचमन आला, नव्वद ग्रॅमवाल्या बाई आल्या — बाईंनी नाही मोजल्या, मी मोजल्या, अकरा खाल्ल्या. गवतवाले साहेब बशी घेऊन उभे. तीन घंटे मी त्या ओट्यापासून हललो नाही. सगळा घोळ संपला. मग ओटा पुसला, कढई घासली, बरणी लिंबू लावून धुतली, चकाचक, उपडी घातली वाळायले. संध्याकाळी डिंपल आली. जलेबी नाही पाहिली तिनं, बरणी पाहिली. एवढंच म्हणे — मामाजी, बरणी धुतली का? मी म्हटलं, हो, लिंबू लावून! थे आत गेली. बस. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी धरली. आता चुकून होते माणसाच्या हातानं, मले काय माहीत, बुडाले लागलेलं चमचाभर जरी उरलं असतं तरी —

काय? — हो, म्हटलं ना आत्ताच, या भांड्याले साबण लावत नाही. — हो, कायले लावत नाही थे बी मीच सांगितलं. — तुम्ही वकील आहात काय जी? चहा प्यायले बसलेला माणूस एवढं ध्यान देऊन ऐकते काय कोणाचं?

— बरं. माहीत होतं मले. झालं? रुखमिणीले नाही सांगितलं, बायको आहे माझी, तिलेही हेच सांगितलं की अडाणी माणूस, समजलं नाही. घोळ घेताना तिच्या खमिरातलं मूठभर बाजूले बी काढलं होतं मी, वाटीत, आपल्या सवयीनं हातानंच काढलं. ओट्यावर ठेवलं. मग कचऱ्याचा डबा उघडला न, तेल लागलेला कागद टाकायले — तर खाली माझा खोका. लाखनीहून नेलेला जलेबीचा खोका जी, दोन किलो, रेल्वेत मांडीवर धरून नेला होता. गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तर मी हौसेनं समोर ठेवला — एकानं अर्धं वेटोळं तोडलं, बाप रे किती गोड म्हणे, उरलेलं बशीत. डिंपलनं खोका उचलला, हसली, आत नेला. अन् आता थो कॉफीच्या चोथ्याखाली. शिळीच झाली होती, साहेब. दहा दिवसांची जलेबी मीही कोणाले देत नाही, मीच फेकून देतो. पण तीस वर्षं मी दिवसाले दोनशे माणसाच्या तोंडाकडे पाहत आलो, खाताना — अन् तिथं दहा दिवस सोफ्यावर बसून ओट्स खात होतो, एकानं नाही म्हटलं की भय्याजी, तुमच्या हातचं काही करा. मी वाटीतलं बी ओतून दिलं नळात. अन् बरणी घासली. दोनदा घासली.

आता पोरगा फोन करते. थे येत नाही फोनवर. भुपेंद्र म्हणे, दोनदा नवं लावलं तिनं, दोन्ही वेळा बुरशी आली, ऊनच तसं आहे. एकवीस दिवस झाले, तीन रविवार बावीस घरी पाव गेला नाही. लोक काय, दुसरीकडून घेतील, त्याइले काय कमी आहे. म्हणून हे — हे लहानसं काम. ही बरणी. माझं खमीर आहे यात, या भांड्यातलं. त्याचा पाव होते का नाही मले नाही माहीत, पण जितं आहे. गोंद्याहून पार्सलनं पाठवलं तर तीन दिवस उन्हात मरते. तुम्ही रात्री पोचता. — सांडणार नाही जी! — वास? आता थोडा त येईलच. — पत्ता लिहून देतो, खाली तिचा नंबर बी. — नाही, फोन नाही केला. नुसती नेऊन द्या, म्हणा रस्त्यात एका माणसानं दिली. — नाही, मी नाही लावत फोन. थे उचलणारच नाही माझ्या नंबरवरून. — तुमच्या मोबाईलवरून? अहो — अहो साहेब, राहू द्या — लावला बी? वाजून राहिला?

हॅलो. — डिंपल? मी. मामाजी. — हो, तुझी सासू बरी आहे. — नाही, थे सांगायले नाही केला. इथं एक साहेब आहेत, पुण्याले येऊन राहिले, त्यांच्याजवळ माझं खमीर देऊन राहिलो, बरणीत. तुले कामात आलं तर पाहा. — — ऐकून राहिली ना? — — हो. मीच धुतली. माहीत होतं मले. — — हो. — — काय? — नाही ना, झाकण पक्कं लावलं, वरून प्लास्टिक, दोन गाठी, एक थेंब नाही सांड— — — हो. — हो माय. — बरोबर आहे, फुगते. फुटेल. — करतो ढिलं. आत्ताच करतो. — दर दोन घंट्यांनी? — सांगतो त्याइले. — हो. — आता ओरडू नको, लिहून घेऊन राहिलो. — हो. — ठेव.

आणा त इकडे ती बरणी. — हसू नका जी. एकतीस वर्षं खमीर सांभाळलं, अन् झाकण कसं लावायचं हे कालची पोरगी शिकवून राहिली मले. — नाही, बरोबरच बोलली थे, फुटली असती तुमच्या गाडीत. — हे पाहा, एवढं ढिलं. सीटवर नका ठेवू, पायाशी ठेवा, थंड हवा सुरू ठेवा, अन् दर दोन घंट्यांनी गाडी थांबवून झाकण उचलून पाहायचं, तिचा हुकूम आहे. — आता कायले बसले? चहा संपला ना? निघा न बाप्पा, ऊन चढून राहिलं!