काळा दोरा बांधलेली बंदूक

जबाब देणार: कादिर इब्राहिम मुकादम, वय ५४, धंदा नोकरी (शिकारीच्या सामानाच्या दुकानात विक्रेता), राहणार हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया, मूळ गाव तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, दुभाषी यासीन यांच्यामार्फत विचारल्यावरून सांगतो की, मयत आकिब हा माझी धाकटी बहीण मैमुना हिचा मुलगा. आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक नवाफ यांच्या घरी ड्रायव्हरची नोकरी त्याला मीच लावून दिली. पोरगा सरळ होता, गाडी जपून चालवायचा.

आमच्या दुकानात नवी बंदूक आली की विकण्याआधी ती माझ्या हाताखालून जाते. माझे वडील गावी रानडुकरांच्या शिकारीला जात. बंदूक पारखायला मी त्यांच्याकडून शिकलो. आधी करंगळी घालून ती रिकामी असल्याची खात्री करतो. मग उजेडाकडे धरून नळीत बघतो. गिऱ्हाइकाला डोळे मिटून लाकडी दस्ता खांद्याला लावायला आणि मग डोळे उघडायला सांगतो. नळीच्या टोकावरची माशी त्याच्या नजरेसमोर आली नाही तर ती बंदूक त्या गिऱ्हाइकाची नाही. शेवटी सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, लावून दस्ता रबरावर आपटतो; आत काही सुटता कामा नये. लाकडाला पॉलिश छान असतं, पण दिसतं तसं नसतं.

नवाफ यांना आवडलेल्या बंदुकीचं लाकूड अक्रोडाचं होतं. नळी स्वच्छ होती, खांद्यालाही बसली. आपटल्यावर मात्र सेफ्टी लावलेली असताना आत काडतूस फोडणारी पिन सुटली. प्रत्येक वेळी नाही, पण सुटली. मी म्हणालो, "ही घेऊ नका. काडतूस आत असताना हिला धक्का लागला तर ही कोणाचं ऐकणार नाही."

नवाफ हसले. म्हणाले, "कादिर, तुला महागडी खपवायची आहे." तरुण माणूस आहे, मला राग आला नाही. मी त्यांना दुसरी दाखवली, ती त्यांना आवडली नाही आणि ते निघून गेले. परत पाठवायच्या मालाला मी चापाजवळ काळा दोरा बांधतो. शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या टोप्या शिवायला तो दोरा दुकानात हाताशीच असतो. या बंदुकीलाही बांधला आणि ती मागच्या फळीवर ठेवली. माझे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर माझा व्हिसा आहे ते दुकानाचे मालक अबू माजिद, यांना या दोऱ्याचा अर्थ माहीत आहे.

त्यानंतर मी माल सोडवायला दम्मामच्या बंदरावर गेलो. माझ्या मागे नवाफ पुन्हा आले आणि तीच बंदूक घेऊन गेले. अबू माजिद यांनी ती दिली. ते दोऱ्याचं विसरले की काय, हे त्यांनाच विचारावं. मला हे कळलं ते इस्पितळात.

तिथे नवाफ जमिनीवर बसले होते. कपड्यांना रक्त होतं, ते त्यांचं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं की वाळवंटात त्यांनी सशावर नेम धरला, ससा पळाला, आणि काडतूस आतच राहिलं. सेफ्टी लावून त्यांनी बंदूक गाडीत ठेवायला आकिबकडे दिली. "भरलेली आहे, सांभाळ," असंही म्हणाले. आकिबने दोरा बघितला आणि हसून म्हणाला, "हा माझ्या मामूचा दोरा आहे. नजर लागू नये म्हणून बांधलाय. हिच्यापासून भय नाही." त्याने दस्ता गाडीच्या पत्र्यावर टेकवला. नळी त्याच्या छातीकडे होती आणि धक्क्याने बार उडाला.

आमच्याकडे नव्या होडीला, लहान पोरांना असा दोरा बांधतात. आकिबच्या दंडावरही त्याच्या आईने बांधलेला होता. इस्पितळात तो कापून माझ्या हातात दिला.

नवाफ यांनी जाणूनबुजून काही केलेलं नाही, असं माझं मत आहे. आज ठाण्याच्या दारात अबू माजिद मला म्हणाले, "बंदूक चांगली होती एवढंच सांग. अल्लाहची मर्जी, खलास. तुझा इकामा पुढच्या महिन्यात नवा करायचा आहे." इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल याची मला भीती वाटते, ती लपवत नाही. पण इथल्या कायद्याप्रमाणे मयताचे वारस माफी देऊ शकतात; ती द्यायची की नाही हे मैमुना ठरवील, आणि खोट्यावर तिच्याकडून माफी मला घेववणार नाही.

काल तिचा फोन आला होता. तिने विचारलं, "भाई, ती बंदूक तू बघितली होतीस ना?" मी हो म्हणालो. "मग असं कसं झालं?" दोऱ्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. आधी इथे सांगितलं, म्हणजे उद्या तिच्यापुढे माझी जीभ फिरणार नाही.

यासीन यांनी हा जबाब मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. "ही घेऊ नका" हे माझं बोलणं मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावलं. लिहिलंय ते मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही करतो.