मल्लेशअण्णांच्या शेवटच्या तीन अल्बममध्ये आम्हाला जे ऐकू आलं नाही

लक्ष्मीअक्का, सिद्रामदादा, शकूरभाई, आणि 'चौथी पाळी'च्या गाण्यांवर जीव लावणाऱ्या सगळ्या मंडळींनो,

खुर्च्या कमी पडल्यात. कुणी भिंतीला टेकून उभं आहे, कुणी बाहेर जिन्यात. या शोकसभेसाठी अकलूजहून काही जण सकाळीच निघून आलेत. अण्णांना हे बघून संकोच वाटला असता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले. शेवटी अण्णांच्या पत्नीच, आपल्या अक्का, म्हणाल्या, "बाई, तुमीच बोला. तुमाला सगळं ठाऊक हाय."

सगळं ठाऊक आहे, अक्का. म्हणूनच बोलवत नाही.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी शोभा. जुळे सोलापूर भागात राहते. शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. मी अण्णांची नातेवाईक नाही. मी त्यांची फॅन. कॉलेजात असल्यापासूनची.

गिरणीत तीन पाळ्या असायच्या. गिरण्या बंद पडल्या, आणि गिरणी कामगारांच्या घरातल्या पाच जणांनी आपल्या ग्रुपचं नाव ठेवलं 'चौथी पाळी'. दिवसा एका कारखान्यात मागावर चादरी विणायच्या, संध्याकाळी गायचं. मल्लेशअण्णा गायचे. सिद्रामदादा ढोलकी आणि ऑक्टोपॅड वाजवायचे. त्यांची पहिली कॅसेट 'भोंगा सुटला' तुमच्यापैकी कुणाच्या घरी नव्हती? मोडनिंबच्या हॉटेलात ती वाजायची, अक्कलकोटच्या वरातीत वाजायची. अण्णा एका दमात अख्खं कडवं म्हणायचे. आम्ही मुली त्यांच्याबरोबर म्हणायला जायचो आणि अर्ध्यात गळपटायचो.

चार अल्बम असे गाजले. पुढचे कसेबसे चालले. आणि शेवटचे तीन? 'मागचं दार', 'तिरीप', 'अर्धी ओळ'. हे तीन कुणी ऐकले? खरं सांगा. शकूरभाईंचं तेव्हा कॅसेट-सीडीचं दुकान होतं. ते सांगतात, 'तिरीप'चा गठ्ठा दोरीसुद्धा न सोडता पडून होता. लोक म्हणाले, संथ झालेत. म्हातारे झालेत. ओळी तुटक झाल्यात. मीही म्हणाले. इतकंच नाही, आपल्या फॅन ग्रुपवर मी लिहिलं होतं, "अण्णा, आता थांबा."

मग दोन वर्षांपूर्वी शकूरभाईंनी फोन केला. म्हणाले, "मॅडम, वो तीन अल्बम हमने ढंग से सुनेच नहीं. एक बार बैठते."

दर रविवारी दुपारी माझ्या घरी आम्ही बसायला लागलो. आधी दोघंच. पंखा बंद करायचा, मोबाइल आत ठेवायचे, आणि एकेक गाणं तीन-तीनदा ऐकायचं. आणि मंडळी, आम्ही चकित झालो. केवढी सुंदर गाणी! शब्द मोजके. ओळ मध्येच थांबते. आता तुटली असं वाटतं, तेवढ्यात सिद्रामदादांची ढोलकी दोन ठोके देते आणि अण्णा पुन्हा हळूच आत येतात. पहिल्या अल्बमचा तो धबधबा नाही. विहिरीत उतरल्यासारखं.

मी मराठीची बाई. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. "अण्णांना मौन सापडलंय," असं लिहिलं. "या गायकाला आता न गाण्यातलं गाणं कळलंय," असंही लिहिलं. लोकांना ते पटलं. पुण्याहून, लातूरहून मुलंमुली लिहू लागली. ज्या अल्बमना कुणी विचारत नव्हतं ते फोनाफोनांत वाजायला लागले. रविवारी माझ्या घरी दोनाचे वीस झाले. आपण अण्णांवर केलेला अन्याय आता धुऊन काढतोय, असं मला वाटत होतं.

एका रविवारी सगळे गेल्यावर शकूरभाई उठेनात. त्यांचा कान तुम्हाला माहीत आहे. आयुष्यभर कॅसेटी भरून दिल्यात. त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. म्हणाले, "मॅडम, गाना मत सुनो. गाने के बीच में क्या है, वो सुनो."

मी ऐकलं. थांबलेल्या जागी श्वास होता. बारीक, ओढून घेतलेला, शिट्टीसारखा.

ते म्हणाले, "'मागचं दार' में आठ लफ्ज के बाद साँस लेते. 'तिरीप' में पाँच. 'अर्धी ओळ' में तीन. मैंने गिना है." मग माझ्या कानावरचा हेडफोन काढला. म्हणाले, "मॅडम, ये इस्टाईल नै है."

मी काय काय लिहून बसले होते!

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांकडे गेलो. ते कामावर होते, म्हणून अक्कांनी आम्हाला कारखान्यात पाठवलं. इतक्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदाच गेले. माग धडधडत होते. दोरा सुकून तुटू नये म्हणून खिडक्या बंद. पंख्यांच्या पात्यांवर कापसाची भुकटी जाड थराने बसलेली. माणसांच्या भुवया पांढऱ्या. मागच्या बाजूला प्लायवूडची भिंत घालून एक खोली केलेली. ती 'चौथी पाळी'ची तालमीची खोली. ते प्लायवूड छतापर्यंत पोचतच नव्हतं. वर हातभर फट. 'भोंगा सुटला'पासून 'अर्धी ओळ'पर्यंतची सगळी गाणी त्या खोलीत बसवलेली. दिवसभर मागावर तीच हवा, संध्याकाळी गायला तीच हवा. मी माइकवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

अण्णांना मी सरळ विचारलं. "अण्णा, तुमचा दम कधीपासून कमी झालाय?"

ते हसले. "बाई, तुमाला गाणी आवडली न्हवं? मग झालं की."

"अण्णा."

मग ते टेकून बसले. "लई दिवस झाले. डॉक्टर म्हनला, ही धूळ सोड. मागाशिवाय मला काय येतंय? आन् गाणं सोडवत न्हाय. मग म्या काय केलं, गाणं श्वासाएवढं केलं. जेवढा श्वास, तेवढीच ओळ."

शकूरभाई म्हणाले की हे सगळ्यांना सांगायला हवं. अण्णांनी हात जोडले. "न्हाय, भाई. इतक्या वर्सांनी लोकांला ही गाणी आवडाय लागली. आजारी मानसाची गाणी म्हणून ऐकतील मग. कीव करतील. बाई, मला शब्द द्या."

मी शब्द दिला.

बाहेर आल्यावर शकूरभाई मला एवढंच म्हणाले, "मॅडम, ये गलत हो रहा है." मी त्यांच्याशी वाद घातला. मी म्हणाले, आजार लपवणं हा कलावंताचा अधिकार आहे. मोठे शब्द वापरायची सवय असली की माणूस स्वतःलाही फसवतो. 'चौथी पाळी'तलेच कीबोर्ड वाजवणारे अंबादास चार वर्षांपूर्वी गेले होते. आपण याच हॉलमध्ये जमलो होतो. आपण म्हणालो, दमा होता बिचाऱ्याला. त्या दिवशी मला अंबादास आठवायला हवे होते. आठवले नाहीत.

पुढचं तुम्ही बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही फॅन लोकांनी कार्यक्रम ठरवला. फक्त शेवटच्या तीन अल्बमची गाणी. अण्णा हो म्हणाले. खूश होते. महिनाभर तालमी केल्या. कुठे? त्याच खोलीत.

नाट्यगृह भरलं होतं. तीन गाणी झाली. चौथ्याला अण्णा एका ओळीत थांबले. सिद्रामदादांनी दोन ठोके दिले. अण्णा आले नाहीत. दादांनी पुन्हा दिले. चार. आठ. अण्णा माइकचा दांडा धरून उभे. तोंड उघडं. आणि आपण काय केलं?

आपण टाळ्या वाजवल्या.

आपल्याला वाटलं, हाच तो थांबा. हेच ते मौन. माझ्या मागे एक मुलगी म्हणाली, "वा!" ती दाद तिला मी शिकवली होती. सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवत होतं, आणि समोर एक माणूस हवेसाठी तडफडत होता. शकूरभाई पहिल्या रांगेतून धावले. पडदा पाडा म्हणून ओरडले. टाळ्यांत त्यांचं ओरडणं ऐकू गेलं नाही.

अण्णा नऊ दिवस दवाखान्यात होते. मी रोज जायचे. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते हात हलवून थांबवायचे. सातव्या दिवशी त्यांनी नाकातोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. अक्का समोर होत्या. मला वाटलं, गाण्यांबद्दल काही सांगतील. ते म्हणाले, "बाई, सिद्रामला बगा."

मला कळेना.

"त्येचा ठेका... मागं पडतोय. 'अर्धी ओळ'पास्नं. लोकांला वाटतंय, माज्यासाठी थांबतोय. न्हाय. त्यो बी दमतोय."

सात दिवस स्वतःला श्वास पुरत नव्हता, आणि त्या माणसाचं लक्ष ढोलकीवाल्याच्या श्वासाकडे होतं. अण्णा, आम्ही स्वतःला तुमचे चाहते म्हणवत होतो. खरं ऐकत होतात ते तुम्ही.

अण्णा गेल्यावर चौथ्या दिवशी मी आणि शकूरभाई पुन्हा ऐकायला बसलो. या वेळी फक्त ढोलकी. खरं होतं. 'अर्धी ओळ'च्या पहिल्या गाण्यात ठेक्याला आहे ती उसळी शेवटच्या गाण्यात नाही. हात उचलायला उशीर होतोय. आम्ही सिद्रामदादांना घेऊन तपासणीला गेलो. छातीचा फोटो काढला. नळीत फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा फुंकताना दादा खाली बसले.

परवा रिपोर्ट आला. दादांनी मला हे इथे सांगायची परवानगी दिली आहे. दिली ना, दादा? त्यांच्या छातीत तेच आहे जे अण्णांच्या होतं. अण्णांपेक्षा कमी, पण तेच. डॉक्टर म्हणाले, आज धूळ सोडली तर हातात वर्षं आहेत. दादा कालपासून मागावर गेलेले नाहीत.

पण मंडळी, माग बंद झालेले नाहीत. मी इथे बोलतेय आणि तिथे माग चालू आहेत. खिडक्या बंद आहेत. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण उद्या सकाळी तिथेच जाणार आहेत. आणि त्या प्लायवूडच्या खोलीत आता दुसरा ग्रुप तालमी करतो. 'चौथी पाळी'ची खोली म्हणून त्यांना ती पवित्र वाटते.

आम्ही कारखान्याच्या मालकांना भेटलो. धूळ ओढून घेणारे पंखे बसवा म्हणालो, तोवर तालमीची खोली बंद करा म्हणालो. मालक म्हणाले, सणानंतर बघू. मालक, तुम्ही आज आलात, तिसऱ्या रांगेत बसलात, याबद्दल मी आभार मानते. तुम्ही वाईट माणूस नाही. अण्णांना बघायला दवाखान्यात तुम्ही तीनदा आला होतात. पण तुमचं ऑफिस त्याच छताखाली आहे. "सणानंतर बघू" हे दोनच शब्द होते, मालक. त्या दोन शब्दांच्या मध्ये तुम्ही श्वास घेतलात. मला ऐकू आला. शकूरभाईंनाही आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गप्प बसलो. आता गप्प बसत नाही.

अण्णांना दिलेला शब्द मी आज मोडला आहे. अक्कांना विचारून मोडला आहे. अक्का म्हणाल्या, "त्येंना राग आला तर माज्यावर येऊ द्या."

ही गाणी ऐका. आजारी माणसाची म्हणून नको. कीव करून नको. ती चांगलीच आहेत, मी लिहिलं होतं त्याहून चांगली आहेत. तीनच शब्दांपुरता श्वास उरल्यावर कुठले तीन शब्द ठेवायचे, हे ज्याला कळलं त्या माणसाची ती गाणी आहेत.

सभा संपल्यावर अक्का दाराशी वही घेऊन बसतील. जो कुणी त्या कारखान्यात एक वर्षाहून जास्त राबलाय, त्याने नाव द्यावं. गुरुवारी डॉक्टर इथेच, या हॉलमध्ये येणार आहेत. बायकांनीही नावं द्या. घरी आणलेले कपडे तुम्हीच झटकता.

आता आपण उभं राहू. अण्णांसाठी दोन मिनिटं शांत राहू. एकच विनंती आहे. अशा वेळी आपण खोकला दाबून धरतो, बरं दिसत नाही म्हणून. आज दाबू नका. ज्याला येईल त्याने खोकावं. मोठ्याने खोकावं. आणि शेजारच्याने नीट ऐकावं.