धुतलेली उल्का

(हैदराबाद, वाटणी होऊन नवं राज्य झाल्याच्या पुढच्या वर्षी. प्रयोगशाळेत इंदुताई शास्त्रज्ञ. शंकरराव दगड कापणारे.)

शंकरराव : लेकिन मॅडम, तो फॉर्म आज धाडू नका.

इंदुताई : अंटार्क्टिकाच्या उल्केच्या नोंदणीचा? चारपर्यंत गेलाच पाहिजे. वर्ग ठरलाय. दगडी, लोखंड कमी, गंज भरपूर. म्हणजे हजारो वर्षं बर्फात भिजत पडलेली.

शंकरराव : गंज बर्फातला नाही. इथला हाय.

इंदुताई : म्हणजे?

शंकरराव : मी धुतली तिला. नळाखाली, ब्रशनं. शनिवार-इतवार खिडकीत ठेवली. सोमवारी बघतो तर लाल. अंदर लोखंडाचे कण असतेत, पाणी लागू द्यायचं नसतंय, ते मागून समजलं.

इंदुताई : सात महिने गप्प बसलात?

शंकरराव : शरम वाटली. तुम्ही त्या गंजावर भाषण केलं, टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीत माझी मान वर होईना.

इंदुताई : सुपारीएवढी होती हो ती. दुसरी कुठून आणू?

शंकरराव : फॉर्मात माझं नाव लिवा. वाटणीत आमची कापायची खोली बंद झाली, उद्यापासून मी कुकटपल्लीच्या गोदामात. मला कोण पुसतंय? तुमची बढती तरी अडकायची नाही.

इंदुताई : धुवायला सांगितलं कुणी?

शंकरराव : कुणी नाही. आपण सगळेच दगड धुतो.

इंदुताई : प्रत्येक पाकिटावर मी तुमच्यासाठी मराठीत चिठ्ठी लावते. याच्यावर होती?

शंकरराव : जाऊ द्या ना मॅडम.

इंदुताई : काय लिहिलं होतं?

शंकरराव : नेहमीचंच. धुऊन कापावा. खाली तुमची सही.

इंदुताई : वीस वर्षं तेच लिहितेय. हाताला सवय झाली, बघितलंही नाही कुठला दगड आहे ते. आणि आत्ता तुम्ही स्वतःचं नाव पुढे केलंत ना, तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं. त्याची फार लाज वाटते, शंकरराव.

शंकरराव : असं नका बोलू.

इंदुताई : चिठ्ठी फाडलीत का?

शंकरराव : नाही. कुणाच्या नजरेत नको म्हणून खिशातल्या पाकिटात ठेवली.

इंदुताई : द्या. फॉर्मला जोडते, खाली इंग्रजीत अर्थ लिहिते.

शंकरराव : घ्या. घामानं भिजलीय जरा. सही तेवढी साफ दिसतीय.