तीनतालाचा ठेकेदार

माझ्या पोराचं लग्न एका शब्दावर अडलं होतं, ते सांगतो. पोरगा परभणीत गाण्याच्या बैठकींना तबल्याची साथ करतो. तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथी मुलगी गंगाखेडजवळची. त्यांच्या गावचा रस्ता खोदून ठेवलेला, म्हणून पोहोचायला उशीर झाला.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करायलाय?"

"ठेका धरतो."

"ठेकेदार हाय व्हय! किती मोठा ठेका?"

"तीनताल."

"तीन तालुके! पाव्हणं, लोडाला टेका की."

बायकोनं मला कोपर मारलं, म्हणजे गप्प बसा. गुडघ्यावर ताल धरलेली माझी बोटं थांबेनात. पण खोट्यावर सून आणायची नव्हती.

"तालुके न्हाईत. तबल्याचा ठेका. आमी दोन पिढ्या तबलाच वाजवतो."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग आमाला खरा ठेकेदारच बगावा लागंल."

चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली.

"बाबा, आपल्या रस्त्याचा ठेकेदार खोदून गेला तो परत आला का? तबलेवाला निदान समेवर तरी येतो."

माझी बोटं थांबली. मी म्हणालो, "तारीख काढा, पाव्हणं."