योगीराजची पुण्याची लाईन

...अन् वरून हेल्पलाइनवाले योगीराजलाच विचारत्यात, "सर, एकदा बंद करून चालू केलं का?" अरे बाबांनो, आता बंद करायचं ऱ्हायलंय तरी काय? कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मोडेम बंद करून चालू केला, पंखा, ट्यूब, घरातला मेन स्विचसुद्धा बंद करून चालू केला, आता तेवढा योगीराज बंद करून चालू करायचा ऱ्हायलाय, अन् तुम्हाला सांगतो, तो परत चालू होईल का न्हाय ह्याची मला काय खात्री न्हाय! गडी पार सुन्न झालाय. समोर पडद्यावर ते गोल फिरतंय... "कनेक्ट होत आहे"... फिरतंय, फिरतंय... बघता बघता चहावर साय धरती... अन् मग, "कनेक्शन तुटले." योगीराजला काय वाटलं म्हणता? काय न्हाय वाटलं. त्यानं परत बटन दाबलं.

आता योगीराज कोण, तर आमच्या अणदूरच्या लिंबाजीतात्यांचा थोरला. पुण्यात एका कंपनीत विम्याच्या दाव्यांची कागदं तपासायचा. अन् त्याची बायको शिवांजली हितं दवाखान्यात नर्स. म्हणजे लग्न झालं, वरात आली, अन् दोघं दोन गावाला! सहा वर्षं हा तिकडं, ती हिकडं. महिन्यातनं एकदा एस्टीनं यायचा, अर्धी सुट्टी टेंभुर्णीच्या ट्रॅफिकात जायची, घरी येऊन जेवला की पोटभर झोपायचा, उठला की परत जायची वेळ. असा संसार! अन् एकदाची कंपनी म्हणाली, "घरून काम करा." आहाहा! शिवांजलीनं त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक केला होता, सण नसताना.

पण घरून करायचं म्हणजे व्हीपीएन लागतंय. आता व्हीपीएन म्हणजे काय, हे त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, शेजारच्या विठाबाईला जसं सांगितलं तसं कुणाला सांगता यायचं न्हाय. म्हणली, "अगं, आपला खंडोबा कसा काही दिवस नळदुर्गाला अन् बाकी दिवस अणदूरला ऱ्हातो, तसं आमचं पोरगं. बसतंय हितं, पण कंपनीला वाटतंय पुण्यातच हाय." विठाबाई म्हणली, "मग देवाला तरी पालखी असती बाई, ह्याला काय हाय?" ह्याला काय हाय? ह्याला त्याचा कॉलेजातला कॉम्प्युटर हाय! कंपनी लॅपटॉप देत न्हाय, "तुमचंच मशीन वापरा" म्हणती. ते मशीन चालू झालं की पिठाच्या गिरणीवानी घुरघुरतंय. मांजर सुद्धा त्या खोलीत जात न्हाय.

अन् लाईन कशी? कधी सकाळी जोडायची न्हाय, दुपारी जोडायची. कधी जोडल्याली, तवर लाईट गेली, लाईट आली की परत न्हायच. कधी दिवसभर छान. म्हणजे तुम्ही म्हणाल त्याला काय नियम? काय नियम न्हाय! सुनेच्या मूडचा अंदाज येतो, ह्याचा येत न्हाय. कंपनीच्या हेल्पलाइनवरचा दिग्विजय, लई गोड बोलायचा हो, अगदी वेलदोडा टाकल्यागत. "सर, आपण एक काम करूया का? काढून टाकूया आणि परत टाकूया का?" काढलं. टाकलं. "सर, आता होतंय का?" न्हाय. "सर, मग आपण परत एकदा काढूया का?" योगीराजला काय वाटलं? काय न्हाय वाटलं. त्यानं काढलं. नळदुर्गाच्या रेवणसिद्धानं, कॉम्प्युटर दुरुस्ती करतो तो, दुकानातनं फोनवर आवाज ऐकला अन् म्हणला, "आवाज तर चांगलाय की! शुक्रवारी येऊन बघतो."

अन् त्याच शुक्रवारावर सगळं टांगलेलं! त्याचे वरचे साहेब, रणधीर सर, त्यांनी फोन करून सांगितलं, "हे बघ योगीराज, शुक्रवारी दुपारनंतर क्लायंट स्वतः काम बघणारेत. तेव्हा तुझी लाईन तुटली, तर सोमवारपासून ऑफिसला यायचं. माझ्या हातात काही नाहीये." संपलं. परत पुणं, परत खोली, परत एस्टी. शिवांजलीनं ऐकलं, अन् पोळ्या लाटायला लागली. तुम्हाला सांगतो, भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

अन् शुक्रवार उजाडला तो नेमका वेळ अमावस्येचा! आता पुणेवाल्यांना काय सांगायचं वेळ अमावस्या म्हणजे काय? सगळं गाव शेतात! डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, डब्यात भज्जी, उंडे, अन् कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा. गल्लीत चिटपाखरू न्हाय, कुत्रीसुद्धा भज्जी खायला शेतात गेल्याली. रेवणसिद्धाला फोन लावला तर मागं हलगी वाजतीय, "योगीराज, वेळ अमावस्येला कोण दुकान उघडतंय का? या की आमच्या शेतात जेवायला!" योगीराजला काय वाटलं? ...

तात्या शेतात जायच्या आधी नेहमीसारखे कॉम्प्युटरपाशी आले. हो, तात्यांचं रोजचं होतं ते. आंघोळ झाली, देवपूजा झाली, की खंडोबाचा भंडारा घेऊन कॉम्प्युटरकडं. पोराची भाकरी हाय म्हणल्यावर पूजा नको व्हय? त्या दिवशी तर दुप्पट भंडारा टाकला, हात जोडले, म्हणले, "येळकोट येळकोट जय मल्हार, माझ्या पोराला हितंच ठेव रे देवा." अन् गेले. योगीराज एकटा. बटन दाबलं. गोल फिरलं. तुटलं. दाबलं. तुटलं. सकाळी कामाला बसला की एक इंग्रजी चौकट यायची, ती त्यानं नेहमीसारखी न वाचता बंद केली. गडी रोज इतक्या चौकटी बंद करत होता, की चौकटीत "घराला आग लागली" असं लिहिलं असतं तरी त्यानं बंदच केलं असतं!

दुपारी शिवांजली शेतातनं डबा घेऊन आली. बघती तर हा हात मांडीवर ठेवून बसलेला. तिला म्हणला, "माळ्यावरनं बॅग काढून ठिव." अशा आवाजात, जसं कुणी मीठ मागतंय. तिला हुंदका आला हो! पण बाई नर्स हाय, रडायच्या आधी हात कामाला लागतात. तिनं पदर घेतला अन् तो पडदा पुसायला लागली. "काय हो हा भंडारा साचलाय! मामांना किती सांगायचं..." सासऱ्यांना ती मामा म्हणती. तात्या रोज पडद्यालाही टिळा लावायचे, अन् वर लावला तर पोराची अक्षरं झाकत्यात म्हणून खाली उजव्या कोपऱ्यात लावायचे. टिळ्यावर टिळा, टिळ्यावर टिळा, पार थर झाल्याला. तो तिनं पुसला. अन् थांबली.

"अहो, आज काय तारीख हाय?"

"वेळ अमावस्या."

"तुमच्या ह्या कॉम्प्युटरात कोपऱ्याला एक जानेवारी दोन हजार नऊ हाय." बाई दिवसभर औषधाच्या बाटलीवर तारखा बघती, तिची नजर दुसरीकडं कुठं जाणार? म्हणली, "ह्याच्या हिशोबानं आपलं लग्न व्हायचं हाय अजून. मी पण शाळंत हाय."

योगीराज हसायला लागला. मग हसता हसता रडायला लागला, अगदी हमसून, लहान पोरागत. किती दिवसांनी त्याला काहीतरी वाटलं होतं! आता तुम्ही म्हणाल तारखेचा अन् लाईनीचा काय संबंध? अहो, तारीख जुनी दिसली की व्हीपीएन आत घेतच न्हाय, त्याला वाटतं हा कोण तरी भामटा हाय. ती इंग्रजी चौकट रोज हेच सांगत होती, "तुमचं घड्याळ मागं आहे." मशीन जुनं, आतली बटनाएवढी बॅटरी मेल्याली, त्यामुळं प्लग निघाला की घड्याळ सगळं विसरायचं. लाईट गेली तरी तेच. कधीमधी इंटरनेटवरनं तारीख आपोआप बरोबर व्हायची, तेवढ्यापुरती लाईन जोडायची.

"पण मी तर प्लग कधी काढत न्हाय," योगीराज म्हणला.

शिवांजली खाली बघत म्हणली, "मामा काढत्यात. रोज, तुम्ही आंघोळीला गेल्यावर. चालू मशीनला पूजा चालत न्हाय म्हणत्यात. प्लग काढायचा, भंडारा टाकायचा, प्लग लावायचा."

बसा! म्हणजे पोरगं हितं ऱ्हावं म्हणून बाप रोज देवाला साकडं घालत होता, अन् तेच साकडं पोराला रोज पुण्याला ढकलत होतं! तारीख बरोबर केली. बटन दाबलं. गोल फिरलं... अन् जोडली की लाईन! क्लायंटनं बघितलं, संध्याकाळपर्यंत एकदासुद्धा तुटली न्हाय. तात्या शेतातनं आले, बातमी ऐकली, अन् छाती फुगवून म्हणले, "बघितलंस? आज दुप्पट टाकला होता!" आता सांगा, तुम्ही त्यांना खरं सांगितलं असतं? योगीराजनंही न्हाय सांगितलं. पुढच्या आठवड्यात गपचूप रेवणसिद्धाकडनं बॅटरी बदलून आणली, अन् पूजा चालू ठेवली.

झालं, सगळं झक्कास झालं म्हणता? थांबा. रणधीर सर लई खूश! म्हणले, "योगीराज, आता सगळ्या टीममध्ये तुझीच लाईन सगळ्यात भक्कम. रात्रपाळी तूच घे. अमेरिकेचं काम आहे." न्हाय म्हणायची सोय हाय का? आता हा सकाळी काम संपवून खोलीतनं बाहेर येतो, तर ती डबा घेऊन ड्युटीला निघालेली असती. ती संध्याकाळी येती, तर हा कानाला हेडफोन लावून आत बसल्याला. परवा दारात चपला घालता घालता म्हणली, "अहो, पुण्याला होतात तवा बरं होतं. सुट्टीला तरी घरी यायचात."