खडीसाखर ताटातच राहिली

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच मानसिंगराव, व्यासपीठावरचे पाव्हणे, समोर बसलेल्या बायाबापड्यांनो आणि बदली होऊन सोमेश्वरनगरला निघालेली आपली प्रगती सिस्टर, सगळ्यांला कौसल्याचा रामराम.

सिस्टरला वरकुट्यात सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी तिला दारातनं हाकललं, हे कुणी बोललं का आत्ता? नुसते हार घातले. मग मीच सांगते.

माझी धाकटी जाऊ बनाबाई. साखरेचा आजार, रोज गोळी. नवरात्र निरंकार धरायची, नुसत्या पाण्यावर. सिस्टर उंबऱ्यात येऊन म्हणाली, "आजी, उपास नको. धरलाच तर गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा."

मी म्हणले, "आमची देवी तुला विचारून बसती व्हय गं?"

दुसऱ्या माळेला सकाळी बना म्हणाली, "अक्का, गोळी घेऊ का?"

"घे की. गोळीनं काय उपास मोडतोय?"

दुपारपर्यंत ती घामानं भिजली, थरथरायला लागली, काहीबाही बरळली. मी काय केलं असंल? देवी आली म्हणून मळवट भरला, पाया पडले. गल्लीतल्या बायका ओटी घेऊन आल्या. नावं घेत न्हाय, पुढच्याच रांगेत हायती. घटापुढं ताटात खडीसाखर होती. कुणाचा हात गेला न्हाय. देवीची होती ना ती.

दवाखाना येईस्तवर बना गेली.

बनाचे दिवस झाल्यावर सिस्टरनं समजावलं, "आजी, माणूस जेवलं नाही तरी मेंदूला साखर लागतेच. यकृत साठवलेली थोडी थोडी सोडतं, ती सरत आली की अंगातूनच नवी करतं. त्यासाठी शरीर इन्सुलिन कमी करतं. ती गोळी ते कमी होऊ देत नव्हती, म्हणून रक्तातली साखर उतरत गेली. घाम सुटला तेव्हाच ताटातली खडीसाखर दिली असती, तर कदाचित सावरल्या असत्या."

म्हंजे घरात दाणे होते, अन् कणगीवर झाकण ठेवून मीच वर बसले.

अजून घट बसले की सकाळी चुलीपाशी आवाज येतो, "अक्का, गोळी घेऊ का?" मी मोठ्यानं "नगं" म्हणते. सून निकिता दचकती, "आत्या, कुणाशी बोलताय?"

तवापास्नं दर नवरात्राआधी सिस्टर घरोघर फिरली, मी तिच्या पुढं. यंदा मी एकली येणार. दारं उघडा, न्हायतर माझं तोंड तुमाला ठाऊक हाय.

सिस्टर, हाकललं तरी परत आलीस, उपकार झाले. सरपंचांनी माईक दिला, तुमी ऐकून घेतलं, आभारी हाय. बोलण्यात काय वाकडं गेलं असंल तर माफ करा. गोळीची माफी तुमच्याकडं मागत न्हाय. जिच्याकडं मागायची, ती अजून विचारतीच हाय.