पहिल्या घासाची पाळी

जमलेल्या माय-बापांनो, तांड्यावरून आलेल्या भावांनो, अन् सलीम, माझ्या खैरूनच्या लेकरा,

सरपंच म्हणले, गयाबाई, तुमी चार शब्द बोला. मी कधी अशी उभ्यानं बोलले न्हाई. मेंढरांमागं जन्म गेला, तिथं बोलायला कोण असतं? पण गेलेल्या खैरूनबीवर मी न्हाई बोलायचं तर कुणी? गल्ल्या दोन, पण साठ वर्षं आमच्या दोघींच्या मधात परसाची एकच भिंत व्हती.

पोरांनो, तुमाला वाटतं हे गाव पहिल्यापासून असंच. न्हाई. पैनगंगेच्या पल्याड इंग्रजाचं वऱ्हाड, अल्याड निजामाचं राज, अन् मधात जकातीचा नाका. खैरूनबीचा आजेसासरा नाक्यावर शिपाई म्हणून आला. आमचे लोक मेंढरं घेऊन आले. तांडा बैलांवर मीठ लादून आला. कुणाचंच गणगोत इथं न्हवतं. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, मग घास कुणी न्यायचा? म्हणून पाळी ठरली. नाक्याच्या गल्लीत मयत झाली तर पहिला घास आमच्या गल्लीचा. आमच्यात झाली तर तांड्याचा. तांड्यावर झाली तर नाक्याच्या गल्लीचा.

हे कुठं लिवलेलं न्हाई. खैरूनबीच्या ध्यानात व्हतं. माझा मालक गेला तवा ती भर उन्हात खबर घेऊन तांड्यावर गेली, रूपसिंगभाऊच्या मायला बेसन-भाकरीसकट घेऊन आली. व्हय ना रूपसिंगभाऊ? मी तोंड फिरवलं, तर खैरून म्हणली, "खा गे गया, रोने को भी ताकत लगती." मी खाल्लं.

आता बोलायचं ते बोलते. लाज वाटते, तरी बोलते.

ती गेली त्या दिवशी पाळी आमची व्हती. आमच्या गल्लीत राहिलं कोण? मी, अन् तीन कुलपं. म्हणजे पाळी माझी. अन् मी काय केलं? तिच्या ओट्यावर बसून राहिले. दफन करून माणसं परतली, तरी बसूनच. काहून? दरखेपी तीच भिंतीवरून हाक मारायची, "गया, उठ गे, पीठ मळ." मी त्या हाकेची वाट पाहून राहिले व्हते. समजतंय का तुमाला? जी गेली, तिच्याच हाकेची!

दुपार टळली. सलीमची धाकटी जवळ येऊन म्हणली, "दादी, भूक लगी." तवा मी भानावर आले. तेवढ्यात सलीमचा दोस्त सेनगावातून पिशव्यांत पुलाव घेऊन आला. खैरूनबीच्या घरी पहिला घास हाटेलातला! मला कुणी काही बोललं न्हाई. सलीमनं उलट मलाच ताट वाढलं. मी ते धाकटीपुढं सरकवलं.

माफ कर, सलीम.

उद्या तो घराला कुलूप लावून हैदराबादला चालला. त्याला बोल लावू नका, त्याचं पोट तिथं हाय. पण नाक्याच्या गल्लीतलं हे शेवटचं घर. मग तांड्यावर मयत झाली तर घास कुणाचा?

माझा. तांडेकऱ्यांनो, हातपाय चालतात तवर खैरूनबीची पाळी मी घेतली. बेसनात मीठ जादा पडलं तर सोसा.

अन् मी गेल्यावर? माझी पोरं पुण्याहून उपाशीच येतील. भिंतीपल्याड आता कुणी न्हाई. मला मरणाचं भ्या न्हाई, पण ही खबर तांड्यावर घेऊन जाईल कोण?

तेवढं ठरवा. दोन मिनटं देते. उभे राहा. कुणी बोलू नका.